बोट, बटण आणि लॉगरिदम

भाचीनं इंटरॅक्शन डिझाइनला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे चित्रकला की कॉम्प्युटर?" दोन्ही नाही, असं मी म्हणालो आणि अडकलो. अ‍ॅपची बटणं गोल की चौकोनी, निळी की हिरवी, एवढंच हे शिक्षण असतं असा समज शिकल्यासवरल्या घरांतही आहे. त्यात 'निळा रंग विश्वास वाढवतो' छापाची वाक्यं शास्त्र म्हणून फिरत असतात. राशीवरून दुकानाच्या पाटीचा रंग ठरवणाऱ्यांना हसायचं आणि ही वाक्यं मात्र मान डोलावून पुढे पाठवायची, याला काय म्हणावं?

माणसाला यंत्र सहज वापरता यावं अशी त्याची मांडणी करण्याच्या या विषयाचं एक मूळ विमानात आहे. १९४७ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अमेरिकी वैमानिकांच्या चुका गोळा करून तपासल्या. चाकांऐवजी पंखांच्या फ्लॅपचा दांडा ओढला, अशा चुका पुन्हा पुन्हा सापडल्या. वैमानिक वेंधळे नव्हते. दांडे सारखे दिसत होते आणि शेजारी-शेजारी होते.

फिट्सचा पुढचा प्रयोग माझ्या विशेष आवडीचा. १९५४ मध्ये त्यानं माणसांच्या हाती एक कांडी दिली आणि समोरच्या दोन धातूच्या पट्ट्यांना आळीपाळीनं, जमेल तितक्या वेगानं टेकवायला सांगितलं. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर तो बदलत गेला. हाती आलेला नियम असा: अंतराची दुप्पट करा, रुंदीनं भागा, उत्तराचा २ पाया धरून लॉगरिदम घ्या. हा झाला अवघडपणाचा अंक, एकक बिट. हालचालीला लागणारा वेळ या अंकासोबत सरळ रेषेत वाढतो.

पट्टी १ सेंमी रुंद आणि १६ सेंमी अंतरावर असेल, तर ३२ चा लॉग (पाच वेळा २ घेऊन गुणले की ३२), म्हणजे ५ बिट. अंतर ८ केलं तर ४. अंतर १६च ठेवून पट्टी २ सेंमी केली तरी ४च. म्हणजे बटण निम्म्या अंतरावर आणणं आणि दुप्पट रुंद करणं हाताला सारखंच! १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत माउस तपासला, तेव्हा तोही याच नियमाला धरून चालला.

आता मराठीकडे येऊ. आयआयटी मुंबईत १९६९ पासून असलेल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात 'स्वरचक्र' हा मोबाइलवरचा कीबोर्ड तयार झाला. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमलतं. हवं तिकडे बोट सरकवायचं. हेच पर्याय एका ओळीत मांडले असते तर शेवटचा पहिल्यापेक्षा कितीतरी दूर गेला असता. चक्रात सगळे सारख्याच अंतरावर. शिवाय पाकळी बाहेरच्या बाजूला रुंदावत जाते. दहा पाकळ्या धरल्या तर प्रत्येकीचा कोन ३६ अंश. बोट केंद्रापासून दुप्पट लांब गेलं तर तिथं पाकळीची रुंदीही दुप्पट. अंतर आणि रुंदी यांचं गुणोत्तर तेच राहतं, म्हणून किती सरकलात याला महत्त्वच उरत नाही, फक्त दिशा चुकायला नको. फिट्सचा नियम असा गोल वाकवलेला पाहिला की मला तरी आनंद होतो. (लॉगरिदमपाशी ज्यांनी वाचणं सोडलं, त्यांनी इथून पुन्हा यायला हरकत नाही.)

पण समीकरणात सवयीला जागा नाही. रोमन लिपीत 'के-ए-वाय' अशी अक्षरं वर्षानुवर्षं बडवून 'काय' लिहिणाऱ्या बोटांना चक्र आधी आडवंच येतं. म्हणून या अभ्यासक्रमात गणिताइतकाच वेळ माणसांशेजारी बसण्यात जातो. आपण बनवलेला पडदा अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा, मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं आणि आपण गप्प राहायचं. भाचीनं सुट्टीत माझ्या आईलाच बसवलं. आई बटण शोधत होती, ते तिच्याच अंगठ्याखाली झाकलेलं होतं. आणि भाची ओठ घट्ट मिटून वहीत काहीतरी लिहीत होती.