पश्चिमेचा तो दिवा उडती तबकडी नव्हे

‘सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसणारा, रंग बदलणारा आणि गाडीमागे येणारा झगझगीत दिवा म्हणजे उडती तबकडी,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. पाहणाऱ्यांनी खरंच तसं पाहिलेलं असतं. मात्र तो दिवा बहुतेक वेळा शुक्र असतो.

सूर्य-चंद्रानंतर नेहमी दिसणाऱ्यांत सर्वांत तेजस्वी शुक्रच. तो सूर्यापासून साधारण 47 अंशांपलीकडे जात नाही, म्हणून संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला सापडतो. क्षितिजाजवळ त्याचा प्रकाश हवेच्या जाड, हलत्या थरातून येतो, त्यामुळे लाल-हिरवी झाक लुकलुकते. गाडीतून जाताना झाडं मागे पडतात, पण शुक्र कोट्यवधी किलोमीटर दूर असल्याने त्याची दिशा बदलत नाही. म्हणून तो पाठलाग करतोय असं वाटतं.

हे तपासायला दुर्बीण लागत नाही. एका जागी उभे राहून तो दिवा विजेच्या खांबाच्या टोकाशी जुळवा. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्याचा भास होतो; खांबामुळे हा भास जातो. चाळीस मिनिटांनी तिथूनच पाहा. हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा तो खाली सरकलेला असेल, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला 15 अंश सरकतं. उद्या याच वेळी तो जवळपास तिथेच दिसेल.

हिवाळ्यात रात्री आग्नेयेला असाच रंग बदलणारा ठिपका दिसला, तर तो बहुधा व्याधाचा तारा. आणि न लुकलुकता काही मिनिटांत आकाश ओलांडणारा, मधेच विझणारा ठिपका बहुधा उपग्रह असतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो दिसेनासा होतो.