समुद्रात काय तण हाय व्हय?

शिरोळकडच्या आमच्या काकांनी उसाच्या आडसाली लागणीवर ॲट्राझिन हे तणनाशक मारलं आणि रात्री पाऊस कोसळला. सकाळी काका म्हणाले, “गेलं वाहून पंचगंगेला. तिथनं समुद्रात. तिथं काय तण हाय व्हय?”

तण नाही, पण हिरवं पुष्कळ आहे. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रातली सूक्ष्म शैवालं करतात. काचेच्या डबीत राहावं तसे सिलिकाच्या कवचात राहणारे डायटम त्यातलेच. आणि ॲट्राझिन तण ओळखत नाही, ते एक जागा ओळखतं.

साखर कारखान्याची गव्हाण आठवा, जिथे उसाच्या मोळ्या टाकतात ती. हरितद्रव्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे उसाच्या मोळ्याच. डी-१ नावाच्या प्रथिनात एक खाच असते. तिथे प्लास्टोक्विनोन नावाच्या रेणूची गाडी लागते, दोन इलेक्ट्रॉन भरून घेते, निघते, दुसरी येते. ॲट्राझिन नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं. गाडी लागायला जागाच नाही! मागे मोळ्या तुंबतात, वर ऊन तर चालूच. मग अडकलेली ऊर्जा दोन वाटा काढते. थोडी लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. ही चमक वाढली की शैवालाला बाधा झाल्याचं उपकरणावर कळतं (मला हे फार आवडतं, आजारी पेशी स्वतःच दिवा लावते). उरलेली ऊर्जा ऑक्सिजनला भडकवते आणि तो ‘सिंगलेट’ ऑक्सिजन आसपासची प्रथिनं, स्निग्ध पदार्थ जाळत सुटतो.

काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता: मग ऊस का मरत नाही? उसातही तीच खाच आहे. पण ऊस, मका ॲट्राझिनला ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक रेणू जोडून ते वेळेत निकामी करतात.

नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा जवळचं कोकण सोडून पार बंगालच्या उपसागराला जाते. अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ओलांडताना औषध पातळ होतं, हे खरं. ‘वाहतं पाणी निर्मळ’ ही म्हण मात्र गाळापुरती ठीक. विरघळलेलं ॲट्राझिन नुसतं वाहिल्यानं नाहीसं होत नाही. नदीची ओटी भरूनही नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे उसाचे मळे समुद्राला लागूनच. तिथल्या ग्रेट बॅरियर रीफच्या पाण्यात ॲट्राझिन सापडलं, आणि त्याच खाचेत बसणारं डाययुरॉन हे दुसरं तणनाशकही. डाययुरॉनचे लिटरमागे काही मायक्रोग्रॅमसुद्धा शैवालांना अडवतात. तिथे २०१२ मध्ये डाययुरॉनच्या वापरावर बंधनं आली. गंमत म्हणजे शैवाल वेळीच स्वच्छ पाण्यात ठेवलं, तर खाच मोकळी होते आणि गव्हाण पुन्हा चालू.

काकांनी यंदा निम्म्या रानात औषधाऐवजी भांगलणीला, म्हणजे हातानं तण काढायला, बायका लावल्यात. मजुरी ऐकून मीच गप्प बसलो.