शेवटची शून्यं खरी किती? सार्थ अंकांमागची गोष्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर विचारतात, आधी विचारतात की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलंय, गुडघ्याला का कमरेला, आणि तेवढ्यावरच घाटावरचा टपरीवाला सामान हलवायचं का नाही ते ठरवतो. कामापुरता आकडा. सार्थ अंकांचं, म्हणजे आकड्यातल्या भरवशाच्या अंकांचं, मूळ यातच आहे, पण शाळेत ते नुसतं "राउंड ऑफ करा" म्हणून येतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण आपल्याकडे हे भान फार जुनं आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहिलं की व्यास २०,००० असेल तर परीघ ६२,८३२, आणि वर त्याला 'आसन्न' म्हटलं, म्हणजे जवळपासचा. मोबाईलवर २०,००० गुणिले पाय (π) करून बघा, ६२,८३१.८५ येतं, म्हणजे जवळच्या पूर्ण संख्येत त्याचं उत्तर अगदी बरोबर, तरी तो ते आसन्नच आहे असं स्पष्ट सांगतो! त्या एका शब्दासाठी त्याला नमस्कार करावासा वाटतो. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लीलावतीत पायच्या ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही स्थूल, व्यवहाराला चालणारी, अशा दोन्ही किमती दिल्या. (त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, नाशिकहून काही लांब नाही.)

खरा घोळ होतो शेवटच्या शून्यांचा. १८५६ मध्ये एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. गणिती राधानाथ सिकदर आणि सरकारी सर्व्हे खात्यातल्या मंडळींच्या मोजणीची सरासरी नेमकी २९,००० आली होती, पण लोकांना वाटेल हजारात गोळाबेरीज केलीय, म्हणून दोन फूट वाढवले असं सांगतात. मोजलेली शून्यं आणि भरलेली शून्यं दिसायला सारखीच ना.

आपल्या नाशिक शहराचंच घ्या, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४,८६,०५३. तीन सार्थ अंकांत १४,९०,०००, दोनमध्ये १५,००,०००. पण १४,९८,००० ला तीन अंकांत आणलं तरी १५,००,०००च येतं, मग नुसतं बघून कसं कळणार कितीपर्यंत खरं आहे ते? म्हणून दहाच्या घातात लिहायची पद्धत आली, १.५ × १०⁶ म्हणजे दोन अंक भरवशाचे, १.५० × १०⁶ म्हणजे तीन, आणि सिकदरांची सरासरी २.९००० × १०⁴ फूट.