क्राउन-पिनियन जोडीनंच बदला

निपाणी-खानापूर पट्ट्यात घरीच जीपचं डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) उघडणाऱ्या पोरांना हमखास सांगतात: पिनियन (त्यातला छोटा गिअर) झिजला तर नुसता पिनियन घाला, क्राउन (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर) चालतो. नाही चालत! दोन्ही गिअर कारखान्यात एकमेकांवर फिरवून जुळवलेले असतात. बहुतेक जोड्यांवर एकच नंबर कोरलेला असतो, ग्रीस पुसून बघा. बेजोड दात लवकरच घूं-घूं करतात. जाड तेलानं आवाज दबेल, झीज थांबणार नाही.

नवी जोडीही शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) मोजूनच बसवा. दातांना मार्किंग पेस्ट लावून क्राउन फिरवा: ठसा दाताच्या मध्यावर हवा, कडेला गेला की पुन्हा उघडा. कंटाळवाणं आहे, पण खरं काम हेच. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मॅन्युअलप्रमाणे ठेवा, डायल गेजनं (बारीक अंतर मोजायच्या काट्याच्या मापकानं) मोजून. पिनियनची क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) जास्त दाबली गेली तर नट सैल करून भागत नाही; नवीच घाला.