सही तपासायला येताना नवी सही नको, जुनी आणा
(हस्ताक्षर व दस्तऐवज तपासणीसाठी येणाऱ्या पक्षकारांकरिता माहितीपत्रक)

वाद सहीचा असला की वकीलसाहेब आपल्याला आमच्याकडे पाठवतात. आपण वादातला कागद घेऊन येता आणि सोबत बहुतेक वेळा वहीचं एक पान असतं. त्यावर आदल्या रात्री केलेल्या दहा-पंधरा सह्या. ‘ही माझी सही, ही पावतीवरची. फरक सरळ दिसतोय, द्या लिहून.’ ते पान आम्ही परत करतो आणि सिन्नर-येवल्याहून भाडं घालून आलेल्या माणसाला वाईट वाटतं. ते आम्हाला समजतं, म्हणूनच हे पत्रक काढलं आहे.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार असेच पान घेऊन आले होते. मालाचे पूर्ण पैसे मिळाल्याची एक पावती व्यापाऱ्याने दाव्यात दाखल केली होती. यांचं म्हणणं, सही माझी नाही. आम्ही त्यांना त्याच वर्षाच्या आसपासच्या सह्या शोधायला सांगितल्या. सोसायटीचा पीककर्जाचा अर्ज, बँकेतलं सहीचं कार्ड आणि एक नोंदणीकृत खरेदीखत, एवढं जमायला दोन महिने गेले. मग सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते असं. जुन्या सगळ्या सह्यांत ते आडनाव भरभर लिहून शेवटी एकाच फटक्यात शिरोरेषा ओढतात, टोकाला किंचित वर जाणारी. पावतीवर शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर वेगळी, तीन तुकड्यांत, आणि ‘व’च्या पोटात पेन उचलून पुन्हा टेकवल्याची खूण. घाईने केलेली सही आणि चित्रासारखी काढलेली सही, हा तो फरक.

पण खरी गोष्ट पुढे आहे. वहीच्या पानावर त्यांनी स्वतः सावकाश, जपून सह्या केल्या होत्या आणि तिथेही शिरोरेषा तुटक होती! ते पान आम्ही नमुना म्हणून धरलं असतं, तर त्यांची खरी सही खोट्या पावतीच्याच जवळ गेली असती.

वाद लागल्यानंतर माणूस सही करतो तेव्हा हात सावध होतो, मनात लबाडी नसली तरी. म्हणून वकीलपत्रावरची आणि कैफियतीवरची (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरावरची) सही एवढ्यावर आम्ही काम करत नाही. कायद्याची भाषाही तीच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७२ (१८७२ च्या जुन्या साक्ष कायद्यातलं ७३) तुलनेसाठी ‘कबूल किंवा शाबीत’ सही मागतं. नमुनाच समोरच्याने नाकारला आणि आपल्याला शाबीत करता आला नाही, तर आमचा अहवाल कितीही जाड असो, तो हवेत राहतो. कोर्ट स्वतः समोर बसवून सही करून घेऊ शकतं, तो भाग वेगळा.

‘तज्ज्ञाचं मत कोर्ट मानतं का हो?’ हा प्रश्न रोज येतो. १८७२ च्या कायद्यात तज्ज्ञाचं मत कलम ४५ खाली येत होतं. १ जुलै २०२४ पासून ते नव्या अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं. मत ग्राह्य आहे, पण ते मत आहे, निकाल नव्हे. मगन बिहारीलाल प्रकरणात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने केवळ हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मतावर शिक्षा ठोठावणं धोक्याचं म्हटलं. पुढे मुरारीलाल प्रकरणात (१९८०) तेच न्यायालय म्हणालं की तज्ज्ञ हा काही गुन्ह्यातला साथीदार नव्हे, की त्याच्या सांगण्याकडे संशयानेच पाहावं. दुजोऱ्याशिवाय त्याचं मत कधीच घेऊ नये असा नियम नाही. सावध राहा, त्याने दिलेली कारणं तपासा, आणि कारणं पटणारी असतील व उलट पुरावा नसेल तर मत स्वीकारता येतं. आमच्या मते हस्ताक्षराच्या बाबतीत याहून समतोल मांडणी नाही.

द्राक्षवाल्यांना जवळचा वाटेल असा निकाल १९९९ चा, हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल. त्यात प्रश्न सफरचंदाच्या बागांच्या उत्पन्नाचा होता. अंदाज देणारा फलोत्पादन अधिकारी पदवीधर होता, तरी त्या विषयाचा खास अभ्यास व अनुभव दिसत नाही म्हणून त्याला तज्ज्ञ मानलं गेलं नाही. मत कशावर उभं आहे ती सामग्री तज्ज्ञाने कोर्टापुढे ठेवलीच पाहिजे, कारण ती तपासून निष्कर्ष काढणं हे न्यायाधीशांचं काम. आमच्या अहवालात प्रत्येक सहीचे मोठे केलेले फोटो आणि अक्षरागणिक कारणं असतात, पानं वाढतात आणि वेळ लागतो, तो यामुळे. एका पानात ‘सही जुळत नाही’ एवढं लिहून देणारे भेटतील. पण उलटतपासणीत तेवढ्या कागदाचा आपल्याला उपयोग होत नाही.

वादातला कागद मूळच हवा. झेरॉक्समध्ये पेनचा दाब, पेन उचलल्याची जागा, रेषेवर रेषा गिरवल्याचं काही कळत नाही. व्हॉट्सअपवरच्या फोटोवर आम्ही मत देत नाही, तोंडीसुद्धा नाही. मूळ कागद कोर्टात निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडून जमा असेल तर काळजी नको. वकीलसाहेबांनी पाहणीचा अर्ज द्यावा. परवानगी मिळाली की आम्ही कॅमेरा आणि उपकरणं घेऊन नाशिक, निफाड, मालेगाव, जिथे असेल तिथे येऊन कर्मचाऱ्यांसमोर फोटो घेतो. कागद घरीच असेल तर कृपा करून लॅमिनेशन करू नका, सहीवर गोल करू नका, घडी सहीवरून घालू नका.

चेकच्या केसमध्ये ‘सही माझीच, पण रक्कम दुसऱ्याने भरली’ असं म्हणणं असेल, तर आधी वकिलांशी बोला. बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार (२०१९) या निकालानुसार सही करून स्वेच्छेने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी, तो देणं फेडण्यासाठीच दिला असं उलट शाबीत होईपर्यंत धरून चालण्याचं कायद्याचं गृहीतक लागू होतं. नुसतं अक्षर वेगळं ठरवून हाती फार येत नाही, आणि अशा कामाची फी घ्यायला आम्हाला बरं वाटत नाही. शाईच्या वयावर आम्ही मत देत नाही. अंगठ्याचा ठसा हा अंगुलीमुद्रा तज्ज्ञांचा विषय. तसं असेल तर पहिल्या भेटीतच सांगू.

फी मत कोणत्याही बाजूने गेलं तरी तीच. ती तपासणीची असते, मताची नाही. साक्षीला येण्याचा खर्च वेगळा, तो आधी लेखी ठरवून घेतो.

येताना वादातल्या तारखेच्या दोन-तीन वर्षं मागच्या-पुढच्या, पण वाद लागण्याआधीच्या, सहा ते दहा सह्यांचा पत्ता लावून या: बँक, सोसायटी, दुय्यम निबंधक कार्यालय, मुलांच्या शाळेतला अर्ज, विम्याचा फॉर्म. सह्या देवनागरीतल्या आणि इंग्रजीतल्या वेगवेगळ्या असतील तर वादातली ज्या लिपीत आहे त्याच लिपीतल्या आणा. कागद हाताशी नसला तरी चालेल, तो कुठे आहे एवढं सांगा. मागणीचा अर्ज कसा लिहायचा ते आम्ही बसून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.