रेखाकला परीक्षेतली ‘ग्रेड’: पायरी, श्रेणी आणि दहावीचे 7 गुण

‘ग्रेडची परीक्षा दिली, ए ग्रेड मिळाली’ या एवढ्याशा वाक्यात ग्रेड हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा असतो. पहिली ग्रेड म्हणजे पायरी. दुसरी म्हणजे निकालातली श्रेणी. महाराष्ट्राच्या शासकीय रेखाकला परीक्षेतल्या श्रेणीसाठी दहावीत जादा गुण द्यावेत का, यावरून गेली काही वर्षं जो वाद चालू आहे, त्याचं मूळ बऱ्याच अंशी या दोन अर्थांच्या सरमिसळीत आहे.

पायरी हा अर्थ जुना. 19व्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये सरकारी रेखाकला शिक्षणाची जी पद्धत बसवली गेली, तिच्यात शाळकरी मुलं, शिक्षक आणि कारागीर यांच्यासाठी चढत्या टप्प्यांच्या परीक्षा होत्या. उद्देश चित्रकार घडवण्याचा नव्हता. कारखान्यातला माल नीटस व्हावा यासाठी डोळा आणि हात तयार करायचे होते. म्हणून मुक्तहस्त रेखाटन, भूमिती, यथादर्शन (जवळ-लांबचं अंतर दाखवणारं रेखाटन) आणि समोर ठेवलेल्या वस्तूचं चित्र असा क्रम. मुंबईत 1857 साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि तिथल्या ब्रिटिश शिक्षकांबरोबर हीच पद्धत मुंबई इलाख्यात आली. शाळांसाठी त्यातल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन पायऱ्या टिकल्या. गुजरात आणि गोव्यातही याच नावांच्या परीक्षा आहेत. महाराष्ट्रात 1965 साली कलाशिक्षणासाठी स्वतंत्र संचालनालय झालं आणि परीक्षेची व्यवस्था त्याच्याकडे आली.

जुना उद्देश प्रश्नपत्रिकेत आजही दिसतो. दोन दिवस, चार पेपर. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. वस्तुचित्रात तांब्याचं तोंड लंबगोल दिसतं, त्याची दोन्ही टोकं गोलसर हवीत. बहुतेक मुलं ती डाळिंबाच्या पाकळीसारखी टोकदार काढतात. त्याहून नेहमीची चूक बुडाची. तांब्या टेबलावर टेकलेला आहे हे मुलाला माहीत असतं, म्हणून तो खालची रेघ सरळ ओढतो. खरं तर बूड नजरेच्या रेषेपासून जास्त खाली असतं, त्यामुळे तिथला लंबगोल तोंडापेक्षा जास्त फुगीर दिसायला हवा. मूल माहितीवरून काढतं की बघून, हे त्या एका रेघेत कळतं. भूमितीत रचनेच्या रेषा टूएच पेन्सिलीने बारीक, उत्तराची आकृती एचबीने ठळक. स्वच्छतेच्या नादात मुलं रचनेच्या रेषा खोडतात आणि गुण घालवतात, कारण तपासनीसाला आकृती कशी आली तेच बघायचं असतं. संकल्पचित्रात पोस्टर रंग पातळ झाला तर पट्टे दिसतात, जाड लागला तर वाळल्यावर तडकतो. साईच्या दाटपणाचा रंग, एकाच दिशेने, पहिला हात वाळल्यावर दुसरा. हे वर्गात आठ-दहा वेळा केल्याशिवाय हातात बसत नाही.

बरीच दशकं या प्रमाणपत्राचा उपयोग मर्यादित पण स्पष्ट होता. कलाशिक्षक पदविकेला किंवा कलेच्या फाउंडेशन अभ्यासक्रमाला जायचं तर इंटरमिजिएटला वजन होतं. बाकीच्यांसाठी ते फाइलीत राहायचं. श्रेणी ए आली की सी, याची चर्चा घरापुरती.

दहावीच्या गुणांनी हे चित्र बदललं. 2017च्या दहावीला इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला 15, बीला 10 आणि सीला 5 गुण धरले गेले. त्या वर्षी खेळ आणि कलांचे जादा गुण मिळवून 193 विद्यार्थ्यांना 100 टक्के पडले आणि गदारोळ झाला. पुढच्या दहावीपासून हे गुण 7, 5 आणि 3 वर आणले गेले. 500 पैकी 7 म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या प्रवेशात नामवंत महाविद्यालयाची यादी दशांशावर अडते, तिथे हा आकडा लहान नाही.

या गुणांना नाव काय द्यायचं, यावरच एकमत नाही. कुणी ‘अतिरिक्त’ म्हणतं, कुणी ‘वाढीव’. शाळेच्या कार्यालयात ‘सवलतीचे गुण’, पालकांत ‘ड्रॉइंगचे मार्क’, टीकाकारांत ‘खिरापत’. यातला ‘सवलत’ हा शब्द सर्वात जास्त नुकसान करतो. सवलत म्हणजे जो कमी पडला त्याला वर ओढणं. मंडळाचे काठावर पास करणारे गुण त्या जातीचे. इथे विद्यार्थ्याने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही उत्तीर्ण व्हावं लागतं, म्हणजे चार दिवस, आठ पेपर आणि त्यामागे किमान दोन वर्षांचा सराव. ही कमाई आहे. तिला सवलत म्हटलं की ती कधीही काढून घेता येते, असा समज तयार होतो. 2020 साली साथीमुळे परीक्षाच झाली नाही आणि पुढच्या दहावीच्या या गुणांचा प्रश्न चिघळला, तेव्हा या शब्दाची किंमत कळली.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खरा आहे. ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षकच नाहीत, तिथल्या मुलाने ही कमाई करायची कुठून? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला पटसंख्या 100 च्या वर असेल तरच कलाशिक्षणासाठी निदेशक आहे, आणि तोही अर्धवेळ. एकीकडे विषयाला गुण आणि दुसरीकडे शिक्षकाला अर्धा दिवस, ही विसंगती गुणांचे आकडे खालीवर करून सुटणारी नाही.

हे गुण मिळवण्यासाठीच्या प्रस्तावाच्या कागदांतही मुलं अडकतात. प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत विभागीय मंडळाकडे जावा लागतो. इंटरमिजिएटच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं, दहावीच्या आवेदनपत्रावर वेगळं, की विचारणा आलीच. दुरुस्ती आठवी-नववीत, प्रमाणपत्र हातात आल्याबरोबर करून घ्यावी. दहावीच्या फेब्रुवारीत ती होत नाही.

गुण आले तसा सरावही बदलला. स्मरणचित्रासाठी तयार मानवाकृती पाठ करून घेतल्या जातात: डोक्यावर टोपली घेतलेली बाई, हात वर केलेला मुलगा, पाठमोरा माणूस. बाजार असो, बसथांबा असो की गणपतीची मिरवणूक, हे तिघं हजर. बसथांब्यावर हात वर केलेला मुलगा खपून जातो. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात तोच हात वर करून उभा राहिला की तपासनीसाला साचा ओळखू येतो. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढणं. पाठ केलेलं उतरवणं नव्हे.

सर्वात जास्त मार बसला तो प्रदर्शनाला आणि भिंतीवरच्या कामाला. परीक्षेचे कागद विद्यार्थ्याला परत मिळत नाहीत, त्यामुळे शाळेच्या प्रदर्शनात लागतं ते सरावाचं काम, आणि सरावच साच्याचा झाला की भिंतभर एकच तांब्या दिसतो. स्वच्छतेच्या मोहिमांमुळे 2014 नंतर शाळांना गावातल्या भिंती रंगवायला मिळाल्या. त्या कामाला श्रेणी नाही, म्हणून गुण नाहीत, म्हणून नववीनंतर पालक मुलांना सोडत नाहीत. वास्तविक परीक्षेची भूमिती प्रत्यक्षात उपयोगी पडते ती इथेच. पाव इम्पीरियल कागद 28 बाय 38 सेंटिमीटरचा. त्यावर 2 सेंटिमीटरचे चौकोन आखले की 14 बाय 19 घरं मिळतात. भिंतीवर 20 सेंटिमीटरचं घर धरलं तर चित्र 2.8 बाय 3.8 मीटरचं होतं. रेषा पट्टीने ओढायच्या नाहीत. निळीत घोळवलेलं सूत दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचं आणि मध्ये तिसऱ्याने उचलून सोडायचं. बिघडतं ते बहुधा आधीच. जुन्या चुन्यावर थेट रंग दिला की पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. चुना खरवडून, पॉलिश पेपर मारून, ओल नाही याची खात्री करून प्रायमर आणि मग बाहेरच्या भिंतीचे इमल्शन रंग. खरवडायलाच एक शनिवार जातो, आणि प्रायमर वाळायला पुढचा दिवस मोकळा ठेवावा लागतो.