हॉल अधिग्रहित होणं वेगळं आणि हॉल उघडून देणं वेगळं

कृष्णेला पाणी चढायला लागलं की आमच्या मंगल कार्यालयवाल्यांच्यात दरवर्षी एकच वाक्य ऐकू येतं, "पूरग्रस्तांसाठी हॉल सरकारने घेतलाय, आता आपली काही जबाबदारी नाही." ऑर्डर कुठाय विचारलं की म्हणतात, तलाठ्यांचा फोन आला होता. फोन म्हणजे अधिग्रहण (सरकारने कायद्याने जागा तात्पुरती ताब्यात घेणं) नव्हे, हे सांगून सांगून घसा बसला.

स्वतःहून हॉल देणं सगळ्यांना माहितीच आहे. चावी काढली, सतरंज्या टाकल्या, आचाऱ्याला बोलावलं. ताबा तुमचा, गेटवर माणूस तुमचा, त्यामुळे कुणाला शॉक बसला तर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार. भाडं घेतलं नाही म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

अधिग्रहण येतं आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 65 मधून. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी जागा ताब्यात घेऊ शकतो, पण लेखी आदेशाने. "लेखी" हा शब्द कायद्यातच आहे, मी माझ्या पदरचा घालत नाहीये. त्या एका कागदावर पुढचं सगळं उभं राहतं, म्हणजे ताबा कुठल्या तारखेला गेला, कुणाकडे गेला, आणि कलम 66 ची भरपाई, जी ठरवताना त्या भागातल्या तशाच जागेचं भाडं बघतात आणि रक्कम पटली नाही तर 30 दिवसांच्या आत लवादाकडे पाठवा असा अर्ज करता येतो. कागद नसेल तर तुम्ही मोठ्या मनाने हॉल उघडून दिलेले गृहस्थ, बास.

ऑगस्ट 2019 मध्ये आम्ही हेच केलं. सांगलीत आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी गेलं 57 च्या वर, तेव्हा कागद कोण मागत बसणार, माणसं चिखलात उभी होती. हॉल उघडला याचं आजही समाधान आहे. पण नंतर लाइट बिल आणि फुटलेल्या संडासांचा खर्च मागायला गेलो तर कार्यालयात विचारलं, आदेशाचा जावक क्रमांक सांगा. तो नव्हताच.

आता खरी अडकायची जागा. आदेश हातात असला तरी तुम्ही पूर्ण मोकळे नसता. त्याच कायद्याचं कलम 73 सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं, पण ते सरकार, प्राधिकरणं, त्यांचे अधिकारी-कर्मचारी आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्यांना. जागामालक असा शब्द त्यात नाही. रोजचा कारभार त्यांच्याकडे गेला हे खरं, पण स्टेजमागची उघडी वायर तुम्हाला आधीपासून माहीत होती आणि तुम्ही गप्प राहिलात तर ते तुमच्याच अंगावर येऊ शकतं. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यात आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक किंवा वापरणाऱ्यावर आहे, ती चालू असल्याचा दाखला म्हणजे फॉर्म बी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

विजयवाड्याचं आठवा. ऑगस्ट 2020 मध्ये एका खासगी हॉस्पिटलने कोविड सेंटर केलेल्या खासगी हॉटेलला आग लागून 10 जण गेले. गुन्हा दाखल झाला तो हॉस्पिटल आणि हॉटेलच्या व्यवस्थापनावर. परवानगी देणारे अधिकारी आरोपी का नाहीत असं हायकोर्टाने विचारून तपासाला स्थगिती दिली, पुढे सुप्रीम कोर्टाने तपास चालू द्यायला सांगितलं. म्हणजे सरकारची परवानगी होती एवढ्यावर खासगी बाजू सुटली नाही.

बाकी किरकोळ. अधिग्रहण म्हणजे भूसंपादन नाही, गरज संपली की जागा परत येते. आणि कृपा करून "मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण असतं" हे सांगणं थांबवा, ते मोटार वाहन कायद्याचं कलम 134 ए आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी, हॉलशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मी आता काय करतो सांगतो. माणसं आली की दार लगेच उघडतो, त्यात एक मिनिट घालवत नाही, आणि त्याच तासाला तहसीलदार ऑफिसला लेखी आदेश मागणारा अर्ज देऊन पोच घेतो. मग येणाऱ्या कर्मचाऱ्याला मेन स्विचबोर्डसमोर उभं करून मीटर रीडिंग, फायर सिलिंडरच्या तारखा आणि गळकी खोली दाखवतो, त्या खोलीला कुलूप लावतो आणि ती वापरायची नाही हे ताबापावतीवर लिहून खाली त्यांची सही घेतो.